छाप मोठा, नाणं लहान

नाशिक जिल्ह्याचं इंग्रजी गॅझेटिअर १८८३ साली निघालं. त्यात चांदवडच्या टांकसाळीची हकिकत आहे, आणि ती न वाचलेला माणूस आमच्या नाणेसंग्राहकांच्या रविवारच्या बैठकीत फार दिवस टिकत नाही. ही टांकसाळ आधी डोंगरावर होती, १८०० साली खाली गावात आणली. कामाला सुमारे ४०० माणसं. प्रत्येकाला तराजू आणि वजनं दिलेली, दर आठवड्याला कारभारी ती तपासायचा. ठरलेल्या कसाची चांदी हातात आली की कारागिरानं तिचे तुकडे पाडायचे, ठोकून गोल करायचे, तोलायचे. वजनात फरक चालत नसे. आकार वेडावाकडा निघाला तर कोणी विचारत नसे. पुढचं काम ऐरणीवर. तिच्या मधोमध अक्षरं कोरलेला खळगा असे. एकानं त्यात चकती टाकायची, दुसऱ्यानं वरून छाप धरायचा, तिसऱ्यानं सहा पौंडी हातोड्याचा घाव घालायचा. तिघं मिळून तासाला २,००० नाणी पाडत, दहा तासांच्या दिवसात २०,०००. माझा जन्म बँकेच्या गल्ल्यावर गेला, त्यामुळे हा आकडा वाचला की बोटं आपोआप हिशेब करतात: दोन सेकंदांच्या आत एक रुपया. त्या वेगानं दिवसभर नुसती नाणी मोजून दाखवा म्हणावं.

हकिकतीतली खरी मेख मात्र शेवटी आहे. छाप चकतीपेक्षा थोडा मोठा असे, त्यामुळे सगळी अक्षरं एका नाण्यावर क्वचितच उमटत.

म्हणजे काय ते चांदवडी रुपया हातात घेतल्याशिवाय कळत नाही. नाणं पेशवाईतलं, टांकसाळ होळकरांच्या मुलखातली, पण अक्षरं फारसी आणि नाव दिल्लीच्या शाह आलम बादशहाचं. खाली टांकसाळीचं नाव, ‘जाफराबाद उर्फ चांदोर’. एका रुपयावर ‘शाह’ दिसतो, ‘आलम’ कडेबाहेर गेलेला असतो. दुसऱ्यावर ‘चांदोर’चा मधला तुकडा असतो, बाकी सगळी नुसती वळणं. पूर्ण छाप बघायचा तर असे दहा-वीस रुपये शेजारी मांडावे लागतात आणि प्रत्येकाकडून थोडं थोडं उसनं घ्यावं लागतं. ज्याच्याकडे चांदवडचा एकच रुपया आहे, भले तो कितीही देखणा असो, त्यानं चांदवडचा छाप पाहिलेला नसतो.

या एका गोष्टीवरून आमच्या बैठकीत जेवढी भांडणं झाली तेवढी पैशावरून झाली नाहीत. एक नाणं पुरे की शंभर हवीत? देखणं घ्यावं की झिजलेलंही? घासूनपुसून ठेवावं की मातीसकट? वरवर पाहता या ज्याच्या त्याच्या हौसेच्या गोष्टी वाटतात. माझं म्हणणं असं की आपल्या मुलखाच्या इतिहासातलं काय उरलं आणि काय वितळून गेलं, हे या हौशींनीच ठरवलं.

आमच्यातले डॉक्टर ‘एक राजा, एक नाणं’ या पंथाचे. लाकडी कपाट, त्यात उथळ खण, प्रत्येक खणात मखमलीवर गोल कोंदणं, आणि त्यांत सातवाहनांपासून सयाजीरावांपर्यंत रांगेनं एकेक. एखादं कोंदण रिकामं असलं की डॉक्टरांचं जेवणात लक्ष नसतं. ही रीत इंग्रज अमलातल्या साहेबांनी रूढ केली. दिवसा कचेरी, संध्याकाळी नाणी, आणि ती राजघराण्यांप्रमाणे लावायची. त्या पद्धतीला नावं ठेवणं सोपं आहे, पण तिच्यातूनच मोठं काम उभं राहिलं. कलकत्त्याच्या टांकसाळीत चांदीचा कस पाहणारा जेम्स प्रिन्सेप नाणी समोर ठेवूनच अक्षरं जुळवत बसायचा, आणि १८३७ साली अशोकाची ब्राह्मी लिपी वाचता येऊ लागली त्यात त्याच्या नाण्यांच्या अभ्यासाचा वाटा होता. मुंबईत भाऊ दाजी लाड यांच्याकडे काम केलेले जुनागढचे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी पश्चिम क्षत्रपांच्या नाण्यांवर लिहिलेला निबंध त्यांच्या मृत्यूनंतर १८९० साली रॅप्सननं संपादून छापला. क्षत्रपांच्या चांदीच्या नाण्यांवर बापाचं नाव असतं आणि पुढच्या काळातल्या नाण्यांवर सालही असतं. त्यामुळे एकेक नाणं रांगेत लावलं की वंशावळ आपोआप उभी राहते. अशा घराण्यासाठी डॉक्टरांची पद्धत अगदी बरोबर.

पण ती कुठं थकते ते बघायला आम्हाला लांब जावं लागत नाही. सिन्नर तालुक्यात जोगलटेंभी नावाचं गाव आहे. १९०६ साली तिथं चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी तो तपासला आणि रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात त्यावर लिहिलं. त्यांच्या हाती १३,२५० नाणी आली. सगळी नहपान क्षत्रपाची. पण त्यांतल्या सुमारे ९,२७० नाण्यांवर, म्हणजे दोन तृतीयांशांहून अधिक नाण्यांवर, गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला छाप वरून पुन्हा मारलेला. नहपानाच्या चेहऱ्यावरच सातवाहनांचा चैत्य, कुठं नाकावर, कुठं कानावर, जिथं बसेल तिथं. शत्रूचा खजिना हाती लागला, तो वितळवत बसायला वेळ नव्हता किंवा गरज वाटली नाही. राजानं नुसता शिक्का मारून पैसा आपला केला.

आमच्या पांडवलेण्यात गौतमीपुत्राची आई गौतमी बलश्री हिचा लेख आहे. आपल्या मुलानं क्षहरातांचा, म्हणजे नहपानाचा, वंश उखडला असं ती त्यात अभिमानानं सांगते. आई मुलाचं कौतुक करणारच, म्हणून कोणी शंका घेतली असती. जोगलटेंभीच्या गाडग्यानं त्या वाक्याला पुरावा दिला. आता विचार करा, डॉक्टरांच्या खणात त्यांतलं एक नाणं आहे. ते फक्त एवढंच सांगतं की एका राजाच्या नाण्यावर दुसऱ्यानं छाप मारला. शिक्का बसलेली ९,००० आणि न बसलेली ४,००० एकाच ठिकाणी होती, म्हणजे हे काम चालू असतानाच किंवा संपल्यावर लगेच कोणीतरी ते पुरलं असावं, हा अंदाज बांधायला सगळा साठा एकत्र बघावा लागतो. स्कॉटनं आणखी एक गोष्ट हेरली. नाव सगळीकडे नहपानाचं, पण मुखवटे एकसारखे नाहीत; कुठं तरुण, कुठं म्हातारा, नाकडोळेही निराळे. हे एकाच माणसाचे नसून घराण्यातल्या वेगवेगळ्या लोकांचे चेहरे असावेत, असं त्याला वाटलं. तर्क बरोबर की चूक ते बाजूला राहू द्या, पण तेरा हजार तोंडं एकत्र पाहिल्याशिवाय हा प्रश्नच कोणाच्या मनात आला नसता.

त्याच लेण्यांत नहपानाचा जावई उषवदात यानं खोदवलेला लेख माझ्या विशेष आवडीचा. त्यानं भिक्षूंसाठी ३,००० कार्षापण कायमची ठेव म्हणून ठेवले, गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे: २,००० एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक व्याजानं, १,००० दुसरीकडे दरमहा शेकडा पाऊण. मुद्दल कधी द्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. पुढं ७०,००० कार्षापणांचा उल्लेख करून तो लगेच सांगतो की एका सुवर्णाला ३५ या भावानं ते २,००० सुवर्ण झाले. मुदत ठेवी घेण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला असा लेख वाचून काय वाटतं ते मी इथं लिहीत नाही, पण नवीन मुलं बँकेत लागली की मी त्यांना पगाराच्या आधी पांडवलेणी दाखवायला न्यायचो.

विदर्भातला तऱ्हाळ्याचा साठा जोगलटेंभीच्याच जातीचा. १९३९ साली अकोल्याकडे सापडला, सुमारे १,६०० नाणी, हलक्या मिश्रधातूची, दिसायला काळपट. सराफाच्या दुकानात त्यांना कोणी हात लावला नसता. वा. वि. मिराशींनी ती एकेक करून वाचली आणि पुराणांच्या याद्यांत नसलेले सातवाहन राजे बाहेर काढले: कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी, शक सातकर्णी. देखणं नाणंच घेणाऱ्या संग्राहकाच्या वाटेला हे राजे कधीच आले नसते.

आता आमचे मास्तर. सिन्नरकडच्या शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाले. त्यांच्याकडे सोनं नाही, चांदी जेमतेम. आहेत त्या शिवराया. पिशव्या भरून. नाशकात तांबट आळी आहे, भांड्यांचा धंदा जुना, मोडीत तांबं येत राहायचं. त्यात भांड्यांचे कान, पराती, घंगाळांचे तळ आणि मध्येच शिवराया. तांबटाच्या दृष्टीनं ते वजनावर घ्यायचं तांबं. मास्तर पगार झाला की जाऊन बसायचे आणि मूस पेटायच्या आत निवडून घ्यायचे, तांब्याच्या भावानं. पुण्याला गेले तर मंगळवार पेठेतला जुना बाजार, बुधवार किंवा रविवार बघूनच.

शिवराईच्या एका बाजूला तीन ओळींत ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला दोन ओळींत ‘छत्र पति’. १६७४च्या राज्याभिषेकाबरोबर हे नाणं आलं, आणि महाराजांनंतर शंभर वर्षं उलटून गेल्यावरही तेच नाव, तीच अक्षरं घेऊन पडत राहिलं. राजे बदलले, पेशवे आले. तांब्याच्या पैशावर मात्र ‘राजा शिव’ कायम. खेड्यापाड्यांत राणीचा पैसा आल्यावरसुद्धा शिवराई लगेच गेली नाही. इतकी वर्षं, इतक्या टांकसाळी, कुठल्या कुठं कोरलेले छाप. त्यामुळे लेखन बदलत गेलं: शिव, सिव, शीव, सीव, छत्रपति, छत्रपती. कुठं बिंदूंची किनार, कुठं साधी रेघ, कुठं मध्ये दोन आडव्या दांड्या, तिला दुदांडी म्हणतात. मास्तरांनी जन्मभर मुलांच्या वह्यांतले ऱ्हस्वदीर्घ तपासले आणि संध्याकाळी तेच काम शिवरायांवर केलं. कागदाच्या पाकिटात एकेक नाणं, पाकिटावर लेखन, वजन, कुठून आलं ते.

डॉक्टर एकदा म्हणाले, “मास्तर, एक चांगली शिवराई ठेवा आणि बाकीच्या द्या कुणाला तरी. पाचशे सारख्याच वस्तू कशाला?”

मास्तर म्हणाले, “सारख्या दोन काढून दाखवा, त्या तुम्हाला देतो.”

डॉक्टरांनी तासभर भिंग लावलं. शेवटी चहा आला म्हणून विषय बदलला.

कुठली शिवराई खुद्द महाराजांच्या हयातीतली आणि कुठली नंतरची, यावर जाणत्यांत अजून एकमत नाही. पण हा वाद घालायला जे साहित्य लागतं ते मास्तरांसारख्यांनी वाचवलं. महाराजांचा सोन्याचा होन सगळ्यांना माहीत; तो इतका दुर्मीळ आहे की संग्रहालयाच्या काचेमागं बघण्याखेरीज तुमच्याआमच्या हातात काही नाही. तांब्याच्या बाबतीत उलटं झालं. फार होतं म्हणून कोणी जपलं नाही. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात ग. ह. खरे यांच्यासारख्यांनी कागदपत्रांबरोबर नाणीही जमवली, आणि १९८९ साली के. के. माहेश्वरी आणि केनेथ विगिन्स यांचं मराठ्यांच्या टांकसाळींवरचं इंग्रजी पुस्तक निघालं. आज चांदवडी, अंकुशी, चिंचवडी, वाईचा रुपया कसा ओळखायचा म्हटलं की पहिलं तेच उघडावं लागतं. ते पुस्तक देखण्या एकेका नाण्यावर उभं राहूच शकलं नसतं. अर्धवट छापांची नाणी ढिगानं बघितल्यावरच पूर्ण छाप कागदावर काढता येतो.

हे पुस्तक निघालं ते नाशिकजवळच्या अंजनेरीच्या संस्थेतून. त्र्यंबकच्या वाटेवर १९८० साली फक्त नाण्यांच्या संशोधनासाठी ती सुरू झाली, परमेश्वरीलाल गुप्त तिचे पहिले संचालक. जागा योगायोगानं फार योग्य मिळाली. अंजनेरीलाच ताम्रपट सापडले आहेत, भोगशक्ती नावाच्या राजाचे, इसवी सन ७१०च्या सुमाराचे. त्यांत रकमा ‘कृष्णराज रुपकां’त सांगितल्या आहेत. कृष्णराज हा कलचुरी राजा, सहाव्या शतकाच्या उत्तरार्धातला. म्हणजे राजा जाऊन सव्वाशेहून अधिक वर्षं झाली, घराण्याचं राज्य बुडालं, तरी बाजारात त्याचीच छोटी चांदीची नाणी चालत होती आणि सरकारी कागदात त्यांचंच नाव होतं. शिवराईचं जे झालं तेच हजार वर्षं आधी इथं होऊन गेलेलं. ‘एक राजा, एक नाणं’ या कपाटात कृष्णराजाचं नाणं सहाव्या शतकाच्या खणात पडून राहतं. आठव्या शतकातल्या माणसाच्या कनवटीलाही तेच होतं, हे कपाट सांगत नाही.

बायकांच्या संग्रहाला आमच्या बैठकीत कोणी संग्रह म्हणत नाही, आणि तिथं माझं सगळ्यांशी जमत नाही. पुतळ्यांची माळ घ्या. मूळ पुतळी म्हणजे व्हेनिसचं सोन्याचं नाणं, डुकाट. साडेतीन ग्रॅम, सोनं जवळजवळ शुद्ध, १२८४पासून व्हेनिस पाडत आलं. एका बाजूला संत मार्क उभा आणि त्याच्यासमोर गुडघे टेकलेला तिथला शासक, दुसऱ्या बाजूला चांदण्यांच्या लंबगोलात येशू. मिरी-मसाल्याच्या व्यापारात हे नाणं अरबी समुद्र ओलांडून आलं, सोन्याच्या खात्रीमुळं इथं खपलं आणि गळ्यात गेलं. पुढं इथल्या सोनारांनी त्याच्या नकला केल्या. लॅटिन अक्षरांच्या रेघोट्या झाल्या, संताचा कोणी देव झाला, आणि आता तर लक्ष्मीची पुतळी मिळते. व्हेनिसचं प्रजासत्ताक नेपोलियननं १७९७ साली संपवलं, तरी त्याचं नाणं आमच्याकडं लग्नात घालतात. माझ्या मामींकडं जुन्या माळेत दोन पुतळ्या अशा होत्या की भिंगाखाली संताच्या हातातला ध्वजाचा दांडा स्पष्ट दिसे. डॉक्टर म्हणाले, “कडी लावलीय, वाया गेलं नाणं.” मामी शांतपणे म्हणाल्या, “कडी लावली म्हणून तर राहिलं, नाहीतर बाहत्तरच्या दुष्काळातच मोडलं असतं.” माळ तुटली तरी मोडायची नाही, हा धाक होता. बंजारा बायकांच्या अंगावरच्या राणीछाप रुपया-अधेल्यांच्या माळाही अशाच. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सरकारनं रुपयातली चांदी अर्ध्यावर आणली आणि जुने चोख चांदीचे रुपये चलनातून काढून घेतले. गल्ल्यातले गेले, गळ्यातले राहिले. आपल्याकडं नाणी सांभाळण्याची सगळ्यात जुनी आणि चिवट पद्धत हीच आहे असं मी मानतो. संग्राहक तिला नाकं मुरडतात कारण तिची किंमत पुस्तकात छापत नाहीत.

माझी स्वतःची पद्धत कॅशियरची. विकत फार घेतलं नाही. गल्ल्यात आलं ते बदलून घेतलं. दर्शनी किमतीला. मी बघतो साल आणि सालाखालची खूण. चौकट असली तर मुंबई, तारा असला तर हैदराबाद, गोल ठिपका असला तर नोएडा, काहीच नसलं तर कोलकाता. एकाच सालाचा रुपया चार ठिकाणी पडलेला असू शकतो, त्यातलं एखादं ठिकाण वर्षानुवर्षं सापडत नाही आणि मग एके दिवशी भाजीवाल्याच्या भरण्यात निघतं. राणीच्या रुपयात ही गंमत अजून वाढते. १८६२ साल घातलेला रुपया १८७४पर्यंत तेच साल घेऊन पडत होता, आणि मुंबईच्या टांकसाळीनं खरं वर्ष कळावं म्हणून खाली बारीक ठिपके दिले. त्याआधीच्या १८४०च्या रुपयावर हाराच्या पानांत गोल फळं आहेत, ती मोजून छाप वेगळे करणारे लोक आहेत. बायकोला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “घरातली चिंचेची बरणी तरी कधी एवढी निरखलीत का?”

१९११चा पंचम जॉर्जचा रुपया हे मात्र सगळ्या पंथांना एकत्र आणणारं नाणं. राजाच्या झग्यावरच्या साखळीत हत्ती आहे, तो कोरताना सोंड इतकी आखूड झाली की लोकांना डुक्कर दिसलं. मुसलमानांचा आक्षेप आला, सरकारनं नाणं मागं घेतलं, बरंचसं वितळवलं आणि १९१२च्या रुपयावर नीट सोंड आली. १९११ आणि १९१२ शेजारी ठेवून बघा. राज्यकर्त्याला आपल्या रयतेचे डोळे किती बारीक आहेत हे तिथं कळलं.

नवे पैसे १ एप्रिल १९५७ला आले. रुपयाचे सोळा आणे गेले, शंभर नवे पैसे झाले. एका आण्याला सव्वासहा बसत, मग पाव पैशाचं काय करायचं यावर दुकानोदुकानी हुज्जत. १९६४ साली नाण्यावरचं ‘नया’ गेलं. आणि २०११च्या जूनअखेरीस चार आणे आणि त्याखालची सगळी नाणी व्यवहारातून बाद झाली. तेव्हा मी काउंटरवर होतो. लोक डबे घेऊन आले, कोणी देवघरातले, कोणी मुलांच्या गल्ल्यातले. ती पिशव्यांत भरून पुढं पाठवायची होती. पिशवी बांधायच्या आधी मी सालं बघत होतो आणि बदली रुपये ठेवून काही काढून घेत होतो. तसं माझ्यासारख्या कित्येक कॅशियरांनी केलं असेल. पाच पैशांच्या चौकोनी ॲल्युमिनियमच्या नाण्याचा अभ्यास उद्या कोणाला करावासा वाटला तर तो आमच्या डब्यांवरून होईल.

रामकुंडावर पोरं दोरीला लोहचुंबक बांधून पाण्यात सोडतात, त्याला पोलादाची नवी नाणी चिकटतात. तांबं, चांदी, जुना गिलट चुंबकाला दाद देत नाही. जुनं काढायचं ते झारेकऱ्यांनी, वाळू धुऊन. सराफ बाजारातल्या गटारींची माती नेऊन सोन्याचे कण काढणारी ही माणसं नदीच्या वाळूतूनही नाणी काढत आली. आमच्या बैठकीतल्या निम्म्या संग्रहांचा उगम शोधत गेलात तर तो त्यांच्या पाटीत निघेल. त्यांनी स्वतःकडे काही ठेवलं नाही, आणि आम्ही कुठं मिळालं ते विचारलं नाही.

हल्ली चौथाच पंथ जोरात आहे. नाणं प्लास्टिकच्या डबीत सीलबंद, वर आकडा, त्या आकड्यावर भाव. नाणं हातात घेताच येत नाही. १९३९च्या रुपयाचं नाव घेतलं की डोळे चमकतात, आणि दुर्मीळ म्हणून त्याच्या खोट्या नकलाच जास्त फिरतात. वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं लाखाला जातं असे फोन येतात आणि आधी नोंदणीचे पैसे भरा म्हणतात. रिझर्व्ह बँकेनं २०२१ साली जाहीर सांगितलं की जुन्या नाण्या-नोटांच्या खरेदी-विक्रीत ती नाही आणि कोणाला तसा अधिकारही दिलेला नाही. डबीवाल्यांबद्दल माझं मत कडक आहे: त्यांच्या संग्रहातून गेल्या पंचवीस वर्षांत इतिहासाची एक ओळही निघालेली मला दिसली नाही. डॉक्टरांशी मी भांडतो, पण डॉक्टर नाणं वाचतात.

म्हणून ज्यांच्या घरात जुनी नाणी आहेत त्यांना दोन-तीन गोष्टी सांगतो. देवघरातल्या शिवराईला दर दिवाळीत चिंच-मीठ लावू नका. चार पिढ्यांच्या घासण्यानं ‘राजा’ गेला, ‘शिव’ तरी राहू द्या. नाणं विका, ठेवा, कडी लावा, तुमची मर्जी, पण सोबत एक चिठ्ठी ठेवा: कुठलं गाव, कोणाकडून, कशाबरोबर आलं. आजोबा सांगू शकत असतील तर आजच विचारून घ्या. आणि शेतात नांगराला गाडगं लागलं तर भाऊबंदांत वाटून सराफाकडं धावू नका. १८७८चा निखात निधीचा कायदा अजून चालू आहे. दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही पुरलेलं सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागतं. मालक निघाला नाही आणि दुसरा काही करार नसला तर सापडणाऱ्याला तीन वाटे, जमीनमालकाला एक. सरकारनं ते घेतलं तर धातूची किंमत आणि वर तिचा एक पंचमांश द्यावा लागतो. सराफ एवढं देत नाही.